ओळखीचा चोर

घरफोडी या शब्दातच फोडणे आहे, त्यामुळे तुटलेला कडीकोयंडा, वाकलेले खिडकीचे गज आणि उचकटलेले कपाट असेच चित्र त्या शब्दासरशी डोळ्यांपुढे येते. परंतु घरातील ऐवज नाहीसा होण्याचा एक प्रकार असाही आहे की ज्यात काहीच फुटलेले नसते. कुलूप जागच्या जागी असते, कपाटाची किल्ली नेहमीप्रमाणे उशीखाली किंवा देव्हाऱ्यामागे सापडते आणि डबीतले गंठण तेवढे गेलेले असते. जो आधीपासून आत होता, किंवा ज्याला आत येण्यास कधीच मज्जाव नव्हता, त्यानेच हा हात मारलेला असतो. मराठी भाषेला हा प्रकार फार जुन्या काळापासून ठाऊक आहे, म्हणूनच घरचा भेदी, कुंपणाने शेत खाणे, केसाने गळा कापणे असे वाक्प्रचार तिच्यात रुजले. ‘ओळखीचा चोर जीवे न सोडी’ ही म्हण तर त्याही पुढे जाते. ज्याला घरधनी ओळखतो तो चोर, आपले नाव बाहेर पडेल या भीतीने, अनोळखी चोरापेक्षा अधिक घातक ठरतो, असे तिचे सांगणे आहे. या प्रकरणात मात्र जिवावर न बेतलेल्या चोऱ्यांचाच विचार केला आहे, कारण त्यांची वाच्यता क्वचित होते आणि त्यांत होणारे नुकसान केवळ तोळ्यांत मोजता येत नाही.

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत घराची किल्ली दुसऱ्याच्या हाती देणे हा बेफिकिरीचा भाग नसून जगण्याच्या व्यवस्थेचा भाग आहे, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते. कंधार, मुखेड, लोहा या तालुक्यांतील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांच्या भागात जातात आणि गावातील घर म्हाताऱ्या आईवडिलांवर किंवा भावकीतील कोणावर सोपवून कित्येक महिने बाहेर राहतात. बागायतदाराच्या वाड्यात सालगडी, म्हणजे गुढीपाडव्याला वर्षभराच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी, गोठ्यापासून माजघरापर्यंत वावरत असतो. लातूर शहरात शिकवणी वर्गांसाठी बाहेरगावाहून येणाऱ्या विद्यार्थ्यांना खोल्या भाड्याने देणारी घरे गल्लोगल्ली आहेत, नांदेडमध्येही तीच रीत वाढली आहे, आणि या घरांत मालक व भाडेकरू यांचा जिना, अंगण, कधी कधी पाण्याची टाकीसुद्धा एकच असते. धुणीभांडी करणाऱ्या बाई, मोटारीचा चालक, शेजारची वहिनी, दिराचा मुलगा, गावाकडून शिकायला आलेला भाचा, या सर्वांच्या येण्याजाण्यावर घर चालते. जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लुमान यांनी १९६८ मध्ये विश्वासावर लिहिलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की विश्वासामुळे जगाची गुंतागुंत माणसाला पेलण्याजोगी होते. प्रत्येक शक्यतेची चौकशी करत बसल्यास कोणतेच काम पुढे सरकणार नाही. मराठवाड्यातील गृहिणीला हे कोणी शिकवावे लागत नाही. लग्नाला जाताना शेजारणीकडे किल्ली न देता ती निघाली, तर म्हशीला पाणी कोण दाखवणार, हा तिच्यापुढचा प्रश्न असतो.

म्हणूनच चोरीनंतर ‘विश्वास ठेवायलाच नको होता’ असे जे सहज बोलले जाते, ते अन्यायाचे आहे. विश्वास ठेवणाराची चूक आणि विश्वास मोडणाराचा अपराध एका पारड्यात टाकल्यास फिर्याद देण्यापूर्वीच फिर्यादी खाली मान घालतो, आणि त्याच्या त्या संकोचाचा लाभ चोराला मिळतो.

विश्वासातील माणसाचे खरे हत्यार माहिती हे असते. सोयाबीन कोणत्या आठवड्यात लातूरच्या बाजार समितीत विकले गेले, पट्टी रोख मिळाली की खात्यावर जमा झाली, मुलीच्या लग्नासाठी केलेल्या पाटल्या बँकेच्या लॉकरमध्ये ठेवल्या की अजून घरीच आहेत, घरातले सारे तुळजापूरला कोणत्या दिवशी निघणार आहेत, हे बाहेरच्या चोराला पाळत ठेवून शोधावे लागते, पण घरच्याला ते जेवणाच्या पंगतीत आपोआप कळते. शिवाय त्याच्याजवळ काळ असतो. बाहेरचा चोर हाती लागेल ते घेऊन पळतो. ओळखीचा चोर दहा दागिन्यांतील दोनच उचलतो, डबी पुन्हा जागेवर ठेवतो, आणि पुढचे लग्नकार्य येऊन ती डबी उघडली जाईपर्यंत दोन-तीन महिने निघून जातात. घरातल्या घरात झालेल्या अनेक चोऱ्या अशाच लग्नसराईत, ऐन हळदीच्या दिवशी उघडकीस येतात. तोवर सोने वितळून त्याची लगड, म्हणजे आटवलेल्या सोन्याचा गोळा, झालेली असण्याचा संभव मोठा असतो.

चोरी आणि विश्वासघात यांत कायद्याने कोणता भेद केला आहे, हे समजून घेतल्याशिवाय फिर्याद नीट देता येत नाही. आणि हा भेद इंग्रजी अमदानीत प्रथम आला असेही नाही. लातूर जिल्ह्याच्या सीमेपासून जवळच असलेल्या आजच्या बसवकल्याण येथे, म्हणजे चालुक्यांच्या कल्याणी या राजधानीत, सहाव्या विक्रमादित्याच्या काळी विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. मूळ स्मृतीत उपनिधी, म्हणजे आत काय आहे हे न सांगता बंद पेटीत घालून दुसऱ्याच्या हाती सोपवलेली वस्तू, हा स्वतंत्र विषय आहे. अशी ठेव राजाने, दैवाने किंवा चोराने नेली तर ठेव ठेवून घेणारा तिचा देणेकरी राहत नाही, असे स्मृती सांगते. ठेवीच्या व्यवहारांना वेगळे प्रकरण आणि चोरीला वेगळे प्रकरण, ही त्या ग्रंथाची मांडणी आहे. सोपवलेली वस्तू दाबून ठेवणारा आणि न सोपवलेली वस्तू उचलणारा हे दोघे एकच नव्हेत, हा विचार त्यामागे आहे.

१८६० च्या भारतीय दंड संहितेत हाच भेद दोन लहान उदाहरणांनी सांगितला होता, आणि ती संहिता हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणानंतर १९५१ मध्ये मराठवाड्यात लागू झाली. पहिल्या उदाहरणात मालकाने चांदीची भांडी सांभाळण्यासाठी नोकराकडे दिली आणि नोकर ती घेऊन पळाला. भांडी नोकराच्या हाती असली तरी ताबा मालकाचाच होता, म्हणून ही चोरी. दुसऱ्या उदाहरणात प्रवासाला निघालेल्या माणसाने तीच भांडी वखारवाल्याकडे ठेवली आणि वखारवाल्याने ती सोनाराला विकली. येथे ताबाच वखारवाल्याकडे गेला होता, म्हणून ही चोरी होत नाही, मात्र न्यासभंग, म्हणजे विश्वासाने सोपवलेल्या मालाचा अपहार, होऊ शकतो. तिसरे एक उदाहरण या प्रकरणाच्या विषयाला अगदी लागू पडते. टेबलावरची अंगठी एकाने पाहिली, झडतीच्या भीतीने ती लगेच न नेता घरातच सहसा कोणाला सापडणार नाही अशा जागी लपवली, आणि लोक विसरले की काढून विकू असा बेत केला. अंगठी पहिल्यांदा हलवली त्याच क्षणी चोरी पूर्ण झाली, असे संहिता म्हणते. घरात शोधाशोध करून दागिना माळ्यावरच्या पिंपात मिळाला म्हणजे ‘चोरी झालीच नाही’ असा जो सुटकेचा निष्कर्ष अनेक कुटुंबांत काढला जातो, तो कायद्याला मान्य नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली आणि कलमांचे क्रमांक बदलले. राहत्या घरातील चोरी कलम ३०५ मध्ये येते. पूर्वीचे कलम ३८० ते हेच, आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. नोकराने मालकाच्या ताब्यातील वस्तू चोरल्यास कलम ३०६ लागते आणि तेथेही सात वर्षांपर्यंतच शिक्षा सांगितली आहे. शेजाऱ्याकडे जपून ठेवायला दिलेले दागिने त्याने विकले तर कलम ३१६, म्हणजे फौजदारीपात्र न्यासभंग, आणि चोरीचा माल आहे हे जाणून तो घेणाऱ्याला कलम ३१७. कुलूप उघडून घरात शिरणे हीसुद्धा घरफोडीच होय, मग ते कुलूप तोडलेले असो वा किल्लीने उघडलेले. जुन्या संहितेत तर हरवलेली किल्ली सापडलेल्या माणसाने त्या किल्लीने दार उघडून प्रवेश केला, हे घरफोडीचेच उदाहरण म्हणून दिलेले होते. तेव्हा ‘काही फोडलेले नाही, मग घरफोडी कशी’ या शंकेपायी ठाण्याच्या पायरीवरून परत फिरण्याचे कारण नाही. पाहुणा म्हणून बोलावलेल्याने चोरी केली, तर मात्र त्याचा प्रवेश अवैध नसल्याने घरफोडी होत नाही. ती घरातील चोरी ठरते. फिर्यादीने स्वतः कलम सांगावे अशी अपेक्षा नसते, परंतु वस्तू सोपवली होती, हाताळू दिली होती, की केवळ तिच्या जवळपास वावरू दिले होते, हे त्याने स्पष्ट सांगितले तर योग्य कलम लागण्यास मदत होते.

या विषयातील सर्वांत क्लेशकारक भाग संशयाचा आहे. विश्वास घरातील ज्या माणसांभोवती कुंपण घालतो, त्या कुंपणाच्या आत संशय शिरत नाही. तो बाहेर वळतो, आणि उताराच्या पाण्यासारखा सर्वांत दुबळ्याकडे धावतो. प्रथम कामवाली बाई, मग सालगडी, मग वरच्या खोलीतला विद्यार्थी, आणि गावाबाहेर पाल पडलेले असेल तर पालावरचे लोक. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला आणि त्या जमाती विमुक्त म्हणवल्या जाऊ लागल्या. पण फासेपारध्यांकडे पाहण्याची गावाची नजर त्या तारखेला बदलली नाही, हे मराठवाड्यात राहणारा कोणीही प्रामाणिक माणूस नाकारणार नाही. ज्याच्याकडे किल्ली नव्हती, कपाटाची माहिती नव्हती, ज्याने त्या घराचे माजघर कधी पाहिले नव्हते, त्याला ठाण्यात बसवून ठेवले जाते आणि दागिना कुठे होता हे जाणणारा पुतण्या त्याच वेळी पोलिसांना चहा नेऊन देत असतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण येथे शब्दशः खरी होते.

बोटांच्या ठशांच्या इतिहासातील एक फार महत्त्वाचा खटला नेमका याच गोष्टीचा आहे. १८९७ मध्ये कलकत्त्यास जगातील पहिले ठसे कार्यालय सुरू झाले, आणि ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत एडवर्ड हेन्री यांच्या नावाने प्रसिद्ध झाली असली तरी तिच्यामागे अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांचे परिश्रम होते. पुढच्याच वर्षी जलपायगुडी जिल्ह्यातील एका चहामळ्याचा व्यवस्थापक गळा चिरलेल्या स्थितीत आढळला; त्याची कागदपत्रांची पेटी आणि तिजोरी उघडून रोकड नेलेली होती. संशय मळ्यातील मजुरांवर गेला, स्वयंपाक्यावर गेला, आसपास उतरलेल्या भटक्या काबुली लोकांवरही गेला. पेटीत मात्र एक बंगाली पंचांग होते आणि त्याच्या वेष्टनावर तपकिरी डाग होते. त्यांतील एक ठसा निघाला त्या घरातील माजी नोकर कांगाली चरण याच्या उजव्या अंगठ्याचा. याच मालकाकडे चोरी केल्याबद्दल त्याला पूर्वी शिक्षा झालेली होती, म्हणून त्याचा ठसा कार्यालयात नोंदलेला होता. न्यायालयाने त्याला चोरीबद्दल दोषी धरले, खुनाच्या आरोपातून मात्र मुक्त केले. घर आतून ओळखणारा एकजण आणि संशयित मात्र सगळे दुसरेच, हे त्या खटल्यात जितके ठळक दिसते तितके क्वचितच कोठे दिसते. त्या मजुरांना आणि त्या स्वयंपाक्याला कागदावरच्या एका ठशाने वाचवले.

असे असले तरी घरातल्या चोरीत ठशांचे बळ तोकडे पडते, कारण रोज घरात वावरणाऱ्याचा ठसा कपाटाच्या दारावर असणे स्वाभाविकच आहे. तेथे ठसा कोणाचा यापेक्षा तो कोठे आहे याला महत्त्व येते. झाडलोट करणाऱ्याचा ठसा कपाटाच्या बाहेरच्या बाजूला असणे आणि आतल्या चोरकप्प्याच्या तळाशी असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. श्वानपथकाचीही तीच अडचण होते, कारण ओळखीच्या माणसाचा वास घरभर पसरलेलाच असतो. म्हणून जागेला हात न लावता ठेवणे आतल्या चोरीत अधिकच निकडीचे ठरते, आणि दुर्दैवाने अशाच वेळी घरातले सगळे मिळून कपाट उपसतात. कधी कधी घरचा चोर परक्याचा आभास निर्माण करण्यासाठी कुलूप नंतर तोडतो, कपडे विस्कटून टाकतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘कंटकशोधन’ या अधिकरणात याचा विचार आलेला आहे. भिंत आतून फोडली की बाहेरून, हे तिची माती कोणत्या बाजूला पडली यावरून तपासावे, आणि आतल्याचे काम दिसल्यास घराजवळच्या व घरातल्या माणसांची चौकशी करावी, असे तेथे सांगितले आहे. आजचा तपास अधिकारी काचेचे तुकडे कोणत्या बाजूला पडले हे पाहतो, ते याच तर्काने. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ नुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद टप्प्याटप्प्याने लागू व्हायची आहे, आणि घरातील चोरी त्या मर्यादेत बसते. नांदेड येथे प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळाही आहे.

घराने पहिल्या दिवशी काय करावे, याचे उत्तर संशय आणि माहिती वेगळी ठेवण्यात आहे. ‘अमक्याने चोरी केली’ हा संशय होय. ‘किल्ली या तीन माणसांकडे होती, दागिना शेवटचा अमुक तारखेला पाहिला, त्यानंतर अमुक अमुक घरात आले’ ही माहिती होय. फिर्यादीत दुसरी गोष्ट पूर्णपणे आणि कोणालाही न वगळता सांगितली पाहिजे, म्हणजे घरातील मुलाचे नाव गाळून बाईचे नाव लिहायचे, असे होता कामा नये. चोरी कधी झाली हे नक्की ठाऊक नसल्यास दोन तारखांच्या दरम्यानचा काळ लिहिता येतो, आणि उशीर झाला असेल तर त्याचे कारणही तेथेच नोंदवावे, कारण न्यायालयात बचाव पक्षाचा पहिला प्रश्न त्याविषयीच असतो. फिर्याद इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिल्यास तिच्यावर तीन दिवसांच्या आत सही करावी लागते; तिची प्रत विनामूल्य मिळते; आणि तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणे पोलिसांवर आता बंधनकारक आहे. ठाण्यात दाद न मिळाल्यास जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे लेखी जाता येते आणि त्यापुढे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे.

जे करू नये ते याहून महत्त्वाचे आहे. संशयित कामगाराला खोलीत कोंडून, मारझोड करून कबुली घेण्याचे प्रकार सुशिक्षित घरांतही घडतात. न्याय संहितेच्या कलम १२० नुसार कबुली मिळवण्यासाठी किंवा माल परत मिळवण्यासाठी एखाद्याला दुखापत करणे हा सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे, आणि तो केवळ पोलिसांपुरता नाही, कोणालाही लागू आहे. म्हणजे चोरी करणाऱ्याला जितकी शिक्षा, तितकीच शिक्षा त्याला बडवणाऱ्यालाही होऊ शकते. जुन्या स्मृतींमध्ये चोरीच्या संशयितासाठी तंदुलदिव्य सांगितलेले आहे. देवाच्या स्नानाच्या पाण्यात भिजवलेले तांदूळ चावायला लावून तोंडात रक्त आले की तो दोषी ठरवला जाई. मंत्रलेले तांदूळ, फिरवलेला नारळ, देवऋष्याने सांगितलेली ‘काळ्या अंगाची, उत्तरेकडून येणारी’ बाई, ही त्याच दिव्याची आजची अवशिष्ट रूपे आहेत आणि त्यांच्यामुळे निरपराध स्त्रियांची कामे सुटली आहेत. धुणीभांडी करणाऱ्या स्त्रीवर एका घराने आळ घेतला तर गल्लीतील चारही घरांची दारे तिला बंद होतात. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८ चा कल्याण मंडळ कायदा आहे. परंतु तोंडी आळाने गेलेली अब्रू परत मिळवून देण्याचे सामर्थ्य अशा कायद्यात नसते.

चोर घरातलाच निघाला तर प्रश्न कायद्यापेक्षा नात्याचा होतो, आणि बहुतेक घरे तेथे गप्प बसतात. तो अठरा वर्षांखालील असेल तर बाल न्याय कायद्याच्या नियमांनुसार अशा गुन्ह्यात गुन्हा दाखल न करता ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद होते, आणि मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीच्या अहवालासह प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. मुलाला ‘आत टाकतील’ या भयाने फिर्याद टाळणाऱ्या आईवडिलांना ही व्यवस्था माहीत असणे अगत्याचे आहे. प्रौढ नातलगाच्या बाबतीत मात्र घरातील चोरीचा गुन्हा आपसांतील तडजोडीने मिटवता येण्याजोग्या गुन्ह्यांच्या यादीत नाही. तडजोड झालीच तर तो खटला रद्द करून घेण्यासाठी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत जावे लागते. विवाहितेचे स्त्रीधन पतीने किंवा सासरच्यांनी तिच्या संमतीशिवाय विकले, तर तो ‘घरचा मामला’ राहत नाही. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी खटल्यात अशा वर्तनाला न्यासभंगाचा गुन्हा लागू शकतो असा निर्णय दिला आहे.

मनाचे काय होते, याकडे पोलीस तपासात कोणी पाहत नाही आणि घरातही फारसे पाहिले जात नाही. ब्रिटिश संशोधक माइक मॅग्वायर यांनी १९८० च्या सुमारास घरफोडीला बळी पडलेल्या लोकांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा गेलेल्या वस्तूंपेक्षा कोणीतरी घरात शिरले या जाणिवेनेच अनेकांना अधिक अस्वस्थ केल्याचे दिसून आले. चोर ओळखीचा असेल तर त्यात आणखी एक थर येतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेनिफर फ्रीड यांनी १९९० च्या दशकात ‘विश्वासघाताचा आघात’ ही संकल्पना मांडली. ज्या व्यक्तीवर माणूस अवलंबून असतो तिनेच घात केला, तर तो घात मनाला स्पष्टपणे पाहताच येत नाही, कारण पाहिला तर नाते तुटते आणि नाते तुटणे परवडणारे नसते, असे तिचे सूत्र आहे. फ्रीड यांचा मूळ विचार बालपणीच्या अत्याचारांविषयी होता, पण दिराच्या मुलावर संशय येऊनही ‘माझीच ठेवण्यात चूक झाली असेल’ असे महिनोन्‌महिने स्वतःला समजावणारी गृहिणी त्याच सूत्राने समजते. झोप उडणे, कुलूप पुनःपुन्हा तपासणे, कोणालाच आत न येऊ देणे, हे सहा-आठ आठवड्यांनंतरही कमी झाले नाही तर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या टेलि-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून समुपदेशन मिळते.

सोन्याची ओळख पटवणे हा खटल्याचा कणा असतो. १ एप्रिल २०२३ पासून दुकानात विकल्या जाणाऱ्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा विशिष्ट क्रमांक असणे बंधनकारक आहे, तो पावतीसह वहीत उतरवून ठेवावा. आजीच्या बोरमाळेवर असा क्रमांक नसतो, तेथे लग्नातील छायाचित्र आणि सोनाराची जुनी चिठ्ठी उपयोगी पडते. विम्याविषयी गैरसमज फार आहे. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका विमा दाव्यात, करारात बळजबरीने प्रवेशाची अट असेल तर बळाचा वापर न होता झालेल्या चोरीची भरपाई मागता येत नाही, असे ठरवले. किल्लीने झालेली चोरी बहुधा त्यातच मोडते. बँकेच्या लॉकरबाबत रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या सूचनांनुसार बँकेच्या कर्मचाऱ्याच्या लबाडीने नुकसान झाल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट रकमेपर्यंत असते.

माल मिळाला तरी तो लगेच घरी येत नाही. जप्त केलेल्या ऐवजाला मुद्देमाल म्हणतात आणि तो खटल्यातील पुरावा असल्याने न्यायालयाच्या अखत्यारीत राहतो. परंतु सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दागिने वर्षानुवर्षे ठाण्यात पडून राहू नयेत, सविस्तर पंचनामा व छायाचित्रे घेऊन आणि बंधपत्र लिहून घेऊन ते मालकाला सुपूर्द करावेत. त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. सुपूर्दनाम्यावर दागिना मिळाला की तो मोडता येत नाही, विकता येत नाही, त्याचा घाट बदलता येत नाही. खटला संपेपर्यंत तो मागितल्या दिवशी न्यायालयात हजर करावा लागतो. खटला उभा राहण्यास कधी कधी पाच-सात वर्षे लागतात. गंठण कपाटात, त्याच डबीत असते, आणि घरातील बाई ते सणालाही बाहेर काढत नाही. मग एके दिवशी समन्स येते, नांदेडच्या किंवा लातूरच्या न्यायालयात ती साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहते, सरकारी वकील गंठण तिच्यासमोर ठेवून ते तिचेच आहे का असे विचारतात, आणि त्यानंतर आरोपीकडे हात करून पुढचा प्रश्न विचारतात की या इसमास आपण ओळखता का.